रक्कम आकड्यात व अक्षरी

तपासणी गुरुवारी होती, आणि सोमवारी सकाळी नऊ वाजता कॅशियरबाईंची मोठी मुलगी टक्केवारीचं गणित अर्धवट टाकून खिडकीबाहेर बघत बसली होती. बाहेर होतं काय? समोरच्या इमारतीची भिंत, भिंतीवरून उतरलेला पाण्याचा पाइप आणि दप्तरं पाठीला लावून चाललेली चार-सहा पोरं. बाईंनी पट्टीनं टेबलावर टकटक केलं. मोठीनं दचकून पेन उचललं आणि एवढं सोपं गणित चुकवून ठेवलं.

"बाराशेचे पंधरा टक्के एकशे अठरा? कुठून आणलेस एकशे अठरा?"

"चुकून झालं."

"चुकून म्हणजे काय? गुरुवारी तपासणीच्या बाईंसमोर पण चुकूनच लिहिणार आहेस का?"

"एकशे ऐंशी!" टेबलाखालून धाकटा ओरडला. तो आठ वर्षांचा होता आणि तिथे बसून आपल्या डब्यातली नाणी चौथ्यांदा मोजत होता. त्याला कोणी विचारलं नव्हतं. त्याला कधीच कोणी विचारलेलं नसायचं.

"तू गप्प बस आणि आधी बाहेर ये," बाई म्हणाल्या. मुलीला येत नाही म्हणून चिडावं, तर तिला येत होतं. मागच्या वर्षी याच मुलीनं चक्रवाढ व्याजाची गणितं पाणी प्यावं तशी सोडवली होती. अकरावं लागलं आणि हिला काय झालं कोण जाणे. बोलावलं की दोन हाकांनी यायची, विचारलं की एका शब्दात उत्तर द्यायची, आणि जरा नजर हलली की खिडकी गाठायची. बाईंच्या नाकी नऊ आले होते.

शिक्षण खात्याची घरी शिकवायची परवानगी एकेका वर्षाची असे. दर वर्षी मुलं खात्याच्या कचेरीत जाऊन पेपर लिहीत, पास होत, आणि परवानगीवर नवा शिक्का पडे. यंदा मात्र पत्र आलं होतं की तपासणीस घरी येतील, वह्या बघतील आणि मुलांशी एकेकट्यानं बोलतील. समाधान झालं नाही तर परवानगी रद्द, मुलं जवळच्या शाळेत. बाईंनी ते पत्र इतक्या वेळा उघडून वाचलं की घडीवर ते विरायला लागलं. जीव टांगणीला लागला होता. या दोन पोरांसाठी त्यांनी एकोणीस वर्षांची बँकेची नोकरी सोडली होती, आणि कोणी परकी बाई अर्ध्या तासात येऊन सगळं फुकट गेलं असं म्हणाली असती तर त्यांना ते सोसलं नसतं.

नोकरी सोडली तीही रागाच्या भरातच. मोठी दुसरीत असताना तिच्या वहीत "सात आठे चोपन्न" लिहिलं होतं आणि त्यावर शिक्षिकेनं लाल पेनानं बरोबरची खूण केली होती. जिची कॅश एकोणीस वर्षांत एकदाही कमी-जास्त झाली नाही, तिच्या पोटच्या पोरीच्या वहीत दोनाचा फरक! बाई वही घेऊन शाळेत गेल्या. शिक्षिका म्हणाली, "वर्गात साठ मुलं आहेत हो, होतं असं." बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्या खिडकीवर साठ माणसं रांगेत असताना आपण असं कोणाला म्हटलं होतं का? महिन्याभरात मुलीचं नाव शाळेतून निघालं, बाईंचं बँकेतून. नवरा फ्रिज दुरुस्तीचं दुकान चालवायचा. तो एवढंच म्हणाला होता, "अगं, नुसतं छप्पन्न करून घेतलं असतंस तर?" त्यावर बाई त्याच्याशी दोन दिवस बोलल्या नव्हत्या.

घरी त्यांनी शिकवलं मात्र मन लावून. भाषा, भूगोल, शास्त्र, सगळं. पण खरा जीव पैशाच्या व्यवहारात. मुलांना दर आठवड्याला ठरलेले पैसे मिळत, आणि त्याहून जास्तीचं काही हवं असेल तर हट्ट, रडारड, गळ्यात पडणं यांतलं काही चालत नसे. अर्ज करावा लागे. बाईंनी स्वतः पट्टीनं आखून नमुना बनवला होता: वस्तू, संख्या, किंमत, गरज की हौस, कारण, सही. अर्ज आठवडाभर डब्यात टाकायचे आणि शनिवारी चहानंतर बाई निकाल लावायच्या. बँकेनं टाकून दिलेला एक रबरी शिक्का त्यांनी घरी आणला होता, त्यावर "अपूर्ण" असं लिहिलेलं होतं. तो फार उपयोगी पडे. धाकट्यानं कुत्र्यासाठी केलेला अर्ज कारणाच्या रकान्यात "तो मला चावणार नाही" एवढंच लिहिल्यामुळे परत गेला. सासूबाईंचा उशीचा अर्ज सही नसल्यामुळे परत गेला, तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, मी तुझ्यासमोर बसलेय की!" नवऱ्यानं तर ड्रिल मशीनसाठी दोनदा अर्ज करून शेवटी ते गुपचूप विकत आणलं आणि आठ दिवस दुकानातल्या बंद फ्रिजमध्ये लपवून ठेवलं.

बाईंची नजर तयार होती. तारीख, आकडे, सही, की झालं. चार सेकंदात एक कागद. काउंटरवर मजकूर वाचत बसलं तर रांग रस्त्यावर जाते, हे नव्या पोरापोरींना त्या आवर्जून सांगत. रकाने भरले आहेत का एवढं बघायचं.

देवाचं खातं सासूबाईंकडे होतं. संध्याकाळी त्या दोन्ही मुलांना शेजारी बसवून डोळे मिटायला लावत. सोमवारी संध्याकाळी बाई स्वयंपाकघरात बटाटे सोलत होत्या आणि धाकट्याची प्रार्थना त्यांना तिथपर्यंत ऐकू येत होती, कारण देव दूर राहतो असं त्याचं मत होतं.

"देवा, मला सायकल दे. मी माझ्या पैशातले दहा टक्के तुला देईन. सायकल जुनी असली तर पाच."

बाई हातात सालकाढणं घेऊन बाहेर आल्या. "देव म्हणजे काय दुकान आहे का रे? घासाघीस कसली करतोस? किती वेळा सांगितलं, देवाकडे मागायचं नाही. मिळालंय त्याचे आभार मानायचे."

"अगं, लहान आहे," सासूबाई म्हणाल्या. "देवाकडे नाही मागायचं, तर कोणाकडे मागायचं लेकरानं?"

"माझ्याकडे मागायचं. अर्ज करून."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांच्या दुसऱ्या बाजूला मोठी डोळे मिटून बसली होती. तिचे ओठसुद्धा हलत नव्हते. बाईंना बरं वाटलं, एक तरी पोर शिस्तीचं निघालं.

मंगळवार आणि बुधवार उजळणीत गेले. बाईंनी वह्यांना कव्हरं घातली, नकाशे चिकटवले, धाकट्याची नखं कापली. पोरं पार कंटाळून गेली, आणि बाई त्यांच्याहून जास्त. बुधवारी जेवताना नवरा म्हणाला, "मोठी हल्ली फारशी बोलत नाही, लक्षात आलंय का तुझ्या?"

"अहो, बोलायचं काय घेऊन बसलात? उद्या तिला भागाकार आला म्हणजे मिळवली."

"मी आपलं सांगितलं."

"सांगत नका जाऊ. जमलं तर नद्या विचारा तिला." त्यानं नद्या विचारल्या. मोठीनं सगळ्या बरोबर सांगितल्या आणि ताट उचलून उठून गेली.

गुरुवारी तपासणीसबाई वेळेवर आल्या. पन्नाशीच्या, कापडी बूट घातलेल्या, आणि जबरदस्त सर्दी झालेल्या. त्यांनी चहा नको म्हटलं, गरम पाणी घेतलं, वह्या चाळल्या, आणि मग आतल्या खोलीत मुलांना एकेकट्याला बोलावलं. सासूबाईंनाही बाहेर यायला लागलं. कॅशियरबाई स्वयंपाकघरात भिंतीला कान लावून उभ्या राहिल्या. धाकट्याचा आवाज व्यवस्थित येत होता. तो तपासणीसबाईंना त्यांचा पगार विचारत होता आणि त्यातले किती शिल्लक टाकावेत ते समजावत होता. बाईंनी डोळे घट्ट मिटले. आज पोराला मारायचं नाही, असं त्यांनी मनाशी दोनदा म्हटलं. मोठीची पाळी आली तेव्हा मात्र भिंतीतून काहीच ऐकू आलं नाही, मधूनमधून शिंका तेवढ्या.

चाळीस मिनिटांनी तपासणीसबाई बाहेर येऊन टेबलाशी बसल्या, फॉर्म काढला आणि लिहायला लागल्या. कॅशियरबाईंना तो उलटा वाचता येत होता. उलटे कागद वाचण्यात त्यांचा जन्म गेला होता. "मंजूर" हा शब्द त्यांनी तपासणीसबाईंनी लिहून संपवायच्या आत वाचला.

"मुलं छान तयार आहेत," तपासणीसबाई म्हणाल्या. "मोठीची टक्केवारी माझ्यापेक्षा चांगली आहे. अडचण काही नाही. फक्त धाकटे साहेब ते अर्जांचं काहीतरी सांगत होते, ते काय आहे?"

एवढंच निमित्त हवं होतं. कॅशियरबाईंनी कपाटातून फाइल काढली, चार वर्षांची, महिन्याप्रमाणे लावलेली, एकही कागद न हरवलेली, आणि तपासणीसबाईंपुढे ठेवली. आपण कधी कोणापुढे मिरवलो नाही, आज मिरवू, असं त्यांना वाटलं. तपासणीसबाई पानं उलटत गेल्या. कुत्र्याला हसल्या. उशीला तर इतक्या हसल्या की त्यांना रुमाल काढावा लागला. मग एका पानावर थांबल्या. पुढची पानं उलटली, पुन्हा थांबल्या. हसू गेलं होतं.

"हे तुम्ही वाचलं होतंत?" त्यांनी फाइल वळवून पुढे सरकवली.

वस्तू: मैत्रीण. संख्या: एक. किंमत: रिकामी. गरज की हौस, दोन्हींवर खूण नाही. कारण: घरात सगळे माझ्यापेक्षा मोठे आहेत नाहीतर लहान. खाली मोठीची वळणदार सही, आणि त्या सगळ्यावर तिरका "अपूर्ण". शेजारी कॅशियरबाईंची स्वतःची आद्याक्षरं. तारीख आठ महिन्यांपूर्वीची.

पुढचा अर्ज पंधरा दिवसांनंतरचा होता. तोच मजकूर, किंमत शून्य, गरज या शब्दाखाली रेघ. शेरा: "किंमत शून्य असू शकत नाही." अक्षर कॅशियरबाईंचं.

तिसरा महिन्यानंतरचा. किंमत: माझ्या डब्यातले सगळे. शेरा: "रक्कम आकड्यात व अक्षरी लिहा."

चौथा नव्हता. बाईंनी पुढची सगळी पानं उलटून बघितली, पुन्हा मागे आल्या. एकोणीस वर्षांत त्यांनी चुकून कधी कोणाला एक नोट जास्त दिली नव्हती. "मी रकाने बघते," त्या म्हणाल्या. हे बोलल्यावर त्यांना स्वतःचीच इतकी लाज वाटली की त्यांनी फाइल मिटून टाकली.

"मंजुरी मी लिहिली आहे, ती लिहिलेलीच राहील," तपासणीसबाई रुमाल आवरत म्हणाल्या. "तिनं माझ्याकडे शाळेचा विषय काढला नाही. मी विचारलं, तर म्हणाली, घरी बरं आहे. आता पुढचं तुम्ही बघा." बूट घालून, दोन शिंका देऊन त्या गेल्या.

बाई आतल्या खोलीत शिरल्या त्या भांडायलाच. दुसरं काही येतच नव्हतं त्यांना त्या क्षणी. मोठी पलंगावर बसून पुस्तकाला कव्हर घालत होती, सासूबाई शेजारी आणि धाकटा खाली फरशीवर.

"हे काय आहे?" बाईंनी फाइल आपटली.

"अर्ज."

"ते दिसतंय मला! तोंड नव्हतं का तुला? आई, मला एकटं वाटतं, मला कोणी मैत्रीण नाही, एवढं सांगायला कागद लागतो का?"

"तूच म्हणाली होतीस, तोंडी चालणार नाही."

"अगं पण..."

"देवाला तरी सांगायचंस गं बाळा," सासूबाई म्हणाल्या.

"देवाकडे मागायचं नाही ना, आजी."

सासूबाईंनी सुनेकडे नुसतं बघितलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, बाईंना निदान उत्तर देता आलं असतं.

"मग तीनदा परत आला तर चौथ्यांदा का नाही केलास?" बाई म्हणाल्या. हे आपण काय विचारतोय, हे विचारून झाल्यावर त्यांना कळलं.

"किंमत कळली म्हणून." मोठीनं गणिताची कच्ची वही काढली आणि शेवटचं पान उघडलं. "मैत्रिणी शाळेत असतात. मी शाळेत गेले, तर तू आमच्यासाठी नोकरी सोडलीस ती वाया गेली. म्हणून तुझा पगार गुणिले महिने. पगार आजीनं सांगितला. आणि धाकटा घरीच शिकत राहिला तर अर्धे." तिनं खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "अर्धे केले तरी माझ्याकडे होत नाहीत. आठवड्याचे सगळे साठवले तर दोनशे चौदा वर्षं लागतात."

"व्याज धरलंस का?" धाकट्यानं खालून विचारलं.

"नाही. व्याज धरलं तर फिटतच नाही."

बाईंनी ते पान वाचलं. सगळं वाचलं, वरच्या तारखेपासून खालच्या रेघेपर्यंत. गुणाकार बरोबर होता. हातच्यांची चिमुकली टिंबं वर दिलेली होती, जशी त्यांनी शिकवली होती तशी. सोमवारी बाराशेचे पंधरा टक्के चुकवणाऱ्या मुलीनं हा एवढा मोठा हिशेब एकही खाडाखोड न करता मांडला होता, आणि सहा-सात महिने तो मनात घेऊन ती नद्या पाठ म्हणत होती.

बाई पलंगावर बसल्या आणि रडायला लागल्या. मुळूमुळू रडणं त्यांना माहीत नव्हतं, त्या भांडल्यासारख्याच रडल्या. "अगं कार्टे, तो पगार काय तुझ्या नावावर टाकलाय का मी? कोणी सांगितलं तुला असले हिशेब करायला?"

"तूच," मोठी म्हणाली. तिचाही आवाज आता हलायला लागला होता.

"मी शिकवलं ते दुकानदाराशी करायला! आईशी नाही! मला मजा आली ही चार वर्षं. तुमच्यावर ओरडण्यात गेली, पण मजा आली, कळलं का? एक पैसा देणं लागत नाहीस तू माझं." त्यांनी मुलीला धरून ओढलं. इतक्या महिन्यांनी पोरगी अशी अंगावर आली, आणि तिचं वजन किती वाढलंय तेसुद्धा आपल्याला माहीत नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं. सासूबाई डोळे पुसत होत्या. आपणही रडावं की काय याचा अंदाज घेत धाकटा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मी घरीच शिकणार. पण माझ्या काही अटी आहेत."

"तू आधी गप्प बस," बाई म्हणाल्या, आणि त्यांना जरा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या मोठीला घेऊन शाळेत गेल्या. जाताना रस्ताभर त्यांची टकळी चालू होती. केस नीट बांध, उत्तरं मोठ्यानं दे, नाही आवडलं तर लगेच सांग, तोंडानं सांग. मोठी नुसती हं हं करत होती. मुख्याध्यापक बैठकीत होते, म्हणून दोघींना व्हरांड्यातल्या बाकावर बसायला सांगितलं. समोर मधल्या सुट्टीचा कल्ला चालला होता. धूळ, आरडाओरडा, कोणाचा बूट उडालेला, शिस्तीच्या नावानं शून्य. बाईंच्या कपाळावर आठ्या चढायला लागल्या. इथे काय शिकणार आहे ही, असं ओठांपर्यंत आलं होतं.

तेवढ्यात मोठीच्याच वयाची एक मुलगी धापा टाकत बाकाशी आली. एक वेणी सुटलेली, गुडघ्याला खरचटलेलं, हातात उड्या मारायची लांब दोरी.

"ए, तू नवीन आहेस का? दोरीचं एक टोक धरशील? आम्हाला एक जण कमी पडतंय."

मोठी उठली नाही. तिनं मान वळवून आईकडे बघितलं. विचारत होती ती, डोळ्यांनी, अगदी रीतसर.

"माझ्याकडे काय बघतेस?" त्या खेकसल्या. आवाज नको तेवढा चढला, शिपाईसुद्धा वळून बघायला लागला. "तिला सांग ना!"